गेरूचे पंख

संपादकांचं पत्र आलं, 'बाई, शाळेतल्या गमतीजमती लिहा.' गमतींना काय तोटा! धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला की अख्खी शाळा बांध्यांच्या चिखलात आणि मी एकटी फळ्यासमोर, असे किती दिवस काढले. थोरल्याची परीक्षा धाकट्याने दिली तर काय बिघडलं, दोघं एकाच घरचे ना, म्हणून एक गृहस्थ माझ्याशी तासभर भांडले होते. हे सगळं लिहिता येईल. पण सरळच सांगते, लिहायला बसले आणि आठवलं ते एकच. चित्रांचं एक पुस्तक, त्यातलं शेवटचं पान आणि त्या पानावर मी केलेला आगाऊपणा. तेव्हा गमती दुसऱ्या कुणाकडून मागवा.

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. मी नॉर्मल स्कूल, म्हणजे मास्तरकीचं शिक्षण, करून सावली गावाच्या बाजूला एका खेड्यात लागले होते. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. शाळा एकशिक्षकी, म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि मी. पहिलीला पाटीवर गिरवायला लावायचं, दुसरीला पाढे घोकायला, तिसरीला मनात वाचायला, आणि मग जो वेळ उरेल त्यात चौथीला गणित शिकवायचं. चार वर्ग एका खोलीत आवरायचे तर आवाज लागतो आणि फूटपट्टी लागते. माझ्याकडे दोन्ही होतं. मी रागीट होते, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही होता.

आदल्या वर्षी आमचा जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला होता. पाट्या बदलल्या, कागदांवरची नावं बदलली आणि शाळेच्या भिंतीवरचा नकाशा खोटा ठरला. तशात डिप्टी साहेबांचं, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचं, फर्मान आलं. तालुक्याला प्रदर्शन भरणार, प्रत्येक शाळेने मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक हाताने करून आणावं. विषय 'बदल आणि वाढ'. मुलांना बदलाची भीती वाटू नये, मोठं होण्याचा आनंद वाटावा, वगैरे वगैरे. आमच्या शाळेत चित्रांचं पुस्तक कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. धड कागदही नव्हता. मी तो खोटा ठरलेला नकाशा खाली उतरवला, त्याचे तुकडे कापले आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर पुस्तक करायचं ठरवलं.

गोष्ट मला लगेच सुचली. अळी, कोश, पाखरू. नॉर्मल स्कूलमध्ये हेच तर शिकवलं होतं. अळी मोठी व्हायला घाबरते, स्वतःला कोंडून घेते, आणि एक दिवस पंख फुटून उडून जाते. मी वर्गाला ती ऐटीत सांगितली. "आणि मग कोश फुटला!" म्हणून टाळी वाजवली. एरवी मी टाळी वाजवली की पोरंही वाजवत. त्या दिवशी कुणी वाजवली नाही.

चौथीतली रेवता उठून उभी राहिली. "बाई, कोसा फुटला त मंग बाप रडन ना."

सगळा वर्ग खो खो हसला. मला काही कळेना. मग त्यांनीच मला सांगितलं, चारही वर्गांनी मिळून, एकमेकांचं तोंड बंद करत. गावातली अर्धी वस्ती ढिवरांची. तलावात मासे धरायचे आणि जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या वाढवायच्या, हे त्यांचं वाडवडिलांपासूनचं काम. त्या अळीच्या कोशाला इकडे कोसा म्हणतात. पाखरू कोसा फोडून बाहेर आलं की धागा तुटतो, वर्षाची मेहनत पाण्यात जाते. म्हणून कोसे आतल्या जिवासकट उकळतात. थोडेच निवडून बियाण्यासाठी राखतात आणि तेवढ्यांतूनच पाखरं निघू देतात. पहिलीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मास्तरीणबाईला.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग यायचा. "एवढी शहाणी आहेस तर तूच काढ चित्रं," असं मी रेवताला म्हणाले.

तिने खरंच काढली. रेवता तेरा वर्षांची होती. तेव्हा चौथीत एवढाल्या मुली असत, कारण शाळेत घालायचं उशिरा आणि मधे मधे काढायचं. आई वारलेली, घरी ती आणि तिचा बाप सोमाभाऊ, दोघंच. झाडांवर अळ्या असल्या की सोमाभाऊ जंगलातच झोपडी बांधून राही. त्या दिवसांत तो मासे खात नसे, दाढी करत नसे, आणि अळ्यांना कुणी किडे म्हटलेलं त्याला चालत नसे. तो त्यांना लेकरं म्हणायचा. वयात आलेल्या बाईमाणसाने त्या झाडांपाशी जायचं नाही हा कडक नियम. रेवता लहान होती म्हणून गोफण घेऊन कावळे हाकायला जाई, आणि त्यामुळे तिची हजेरी नेहमी एक दिवसाआड. पण काय तो हात! हळद, गेरू, काजळ आणि कपड्याची नीळ, एवढेच आमचे रंग. हळदीत नीळ कालवून तिने अळीचा असा हिरवा काढला की पहिलीतल्या मुलांनी बोट लावून पाहिलं. अळी पान कडेकडेने कशी कुरतडते, कात टाकताना मान वर करून कशी थिजून बसते, सगळं त्यात होतं. मी खाली मोठ्या अक्षरांत ओळी लिहीत होते. 'अळी म्हणाली, मी अशीच राहीन.' 'अळी म्हणाली, मला अंधाराची भीती वाटते.' नऊ पानं अशी झकास झाली.

दहाव्या पानावर तिने पळसाच्या पानाचा दोना काढला आणि त्यात एक जाडसर पिवळं पाखरू बसवलं. पंखांच्या जागी नुसते चार खुंट.

"हे काय गं? पंख कुठे?"

"नसते, बाई."

"नसते म्हणजे? आपली गोष्ट काय आहे? पंख फुटतात आणि ती उडून जाते."

"हे उडत नाई, बाई."

मी तिच्या हातातली काडी ओढून घेतली. हळद संपली होती, गेरू तेवढा उरला होता. त्या खुंटांवर मी दोन्ही बाजूंनी चांगले ऐसपैस तांबडे पंख रंगवले आणि खाली लिहिलं, 'आता मी मोठी झाले. आता मी उडणार.' रेवता पानाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, हा त नर झाला."

झालं! नर-मादी असले शब्द एका मुलीने भर वर्गात बोलावे, हे मला खपलं नाही. मी पट्टी उचलली आणि तिच्या हातावर दोन दिल्या. तिने हात मागे घेतला नाही आणि रडलीही नाही. पण त्या दिवसापासून तिने रंगांना हात लावला नाही.

पौषात प्रदर्शन भरलं. आमचं पुस्तक साहेबांनी हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाले, "बाई, सरकारी नकाशा कापलात होय?" मग त्यांनी पानं उलटली आणि शेवटच्या पानावर थांबले. "वा, हे पान फार छान. मुलांना हेच सांगायला हवं." चित्रं कुणी काढली विचारलं, मी रेवताचं नाव सांगितलं. चांद्याला मुलींच्या शाळेला वसतिगृह आहे, चौथी पास झाली तर बघू, असं ते म्हणाले. परतीच्या बैलगाडीत मला बसवत नव्हतं इतका आनंद झाला होता. कधी एकदा रेवताला सांगते असं झालं होतं.

रेवता शाळेत नव्हती. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी विचारलं तेव्हा मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "बाई, रेवता मोठी झाली."

माझ्या पुस्तकातले ते दोन शब्द! शहाणीसारखे मीच लिहिलेले. गावात त्यांचा अर्थ एकच होता. मुलगी वयात आली. आता ती जंगलात झाडांपाशी जाणार नाही, अळ्यांना शिवणार नाही, आणि शाळेतही येणार नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

मी पुस्तक काखोटीला मारलं आणि सोमाभाऊच्या घरी गेले. तो सपरीत, म्हणजे ओसरीवर, कोशांचा ढीग घेऊन बसला होता. एकेक कोसा उचलायचा, तळहातावर तोलायचा, कानाशी नेऊन हलवायचा. आतला जीव मेला असेल तर खुळखुळतो, जिवंत असेल तर जड लागतो. जिवंतांतले चांगले निवडून तो बियाण्यासाठी दोरीत ओवत होता. आतल्या दाराच्या आड रेवता बसलेली होती. मला तिची फक्त पावलं दिसत होती.

"सोमाभाऊ, परीक्षेला दोन महिने राहिलेत. रेवताला पाठवा."

"कशी पाठवू, बाई? मोठी झाली ना थे. वैशाखात लगन हाये तिचं, आरमोरीकडं."

मी वाटेने एक वाक्य जुळवून आणलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं. "तुम्ही सगळेच कोसे उकळत नाही ना? काही बियाचे म्हणून राखता. मग हिला बियाची समजा."

त्याने हातातला कोसा खाली ठेवला. "बाई, बियाच्या कोशातलं पाखरू काय करते, मालूम हाये का तुमाले? त्याले तोंड नसते. खात नाई, पेत नाई. अंडे देते अन् मरते. माह्या पोरीले तसं समजू?"

काहीतरी करायचं म्हणून मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. तो ते बघून हसला. "हा नर कोनं काढला?"

"नर कशावरून?"

"तांबडा हाये ना. नर तांबडा राह्यते, मादी पिवळी." मग त्याने बोट चित्राजवळ नेलं आणि जरा वेळ निरखून पाहिलं. "पन आंग पिवळं हाये. आंग मादीचं अन् पंख नराचे? रेवता असं नाई काढनार, बाई. मादीले पंख कुठून राह्यतीन? आमीच कातरतो. जोडा सुटला का मादीचे पंख कातराचे अन् तिले दोन्यात ठेवाचं. मंग थे कुठी जात नाई, बसल्या जागी अंडे देते. रेवताच कातरे आजवर. हात हलका हाये तिचा. आता तेबी बंद."

त्या पोरीने ऐकीव काही काढलं नव्हतं. स्वतःच्या हातांनी जे करत आली तेच काढलं होतं, अगदी हळदीच्या पिवळ्यासकट. आणि त्याच हातांवर मी पट्टी मारली होती. मी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "रेवता, माझं चुकलं गं. तू मादी बरोबर काढली होतीस. मला ठाऊक नव्हतं आणि मी तुला मारलं."

पावलं जरा मागे सरकली. सोमाभाऊ मात्र माझ्याकडे टकामका बघत राहिला. "मास्तर लोकायचंबी चुकते का, बाई?" असं त्याने अगदी मनापासून विचारलं. मी म्हटलं, चुकतं. त्याने दोन-तीन कोसे ओवले आणि म्हणाला, "परीक्षा देऊ द्या तिले. मी संगं येतो."

आणि तो आला. परीक्षेचे दोन्ही दिवस शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली पाठमोरा बसून राहिला. रेवता उत्तम पास झाली. मी निकालाचा कागद घेऊन पुन्हा त्याच सपरीत गेले, आता चांद्याला पाठवा म्हणायला. लग्न पुढे ढकला, पोरगी हुशार आहे, साहेब बघू म्हणालेत. सोमाभाऊने शांतपणे ऐकून घेतलं. दाराआड रेवताही ऐकत होती.

"राह्यन कुठी?"

"वसतिगृहात. म्हणजे, बघू."

"खाईन काय?"

"होईल काहीतरी."

"मी चार महिने जंगलात राह्यतो. सुट्टीत घरी आली त सोबत कोण?"

मी म्हटलं, होईल हो काहीतरी! आणि माझा तोल गेला. काय बोलते आहे याचं भान न राहता मी ओरडले, "सोमाभाऊ, तुम्ही पोरीचे पंख कातरताय!"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मी कातरतो, मानतो मी. पन तुमी त नुसते रंगवले, बाई. रंगानं उडते का?"

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. खरं तेच बोलला तो. मी साहेबांच्या एका 'बघू'वर तीन महिने तरंगत होते. अर्ज केला नव्हता, चौकशी केली नव्हती, ती कुठे निजेल आणि काय जेवेल याचा मी एकदाही विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले, अर्ज दिला, साहेबांच्या दारात बसून राहिले. वसतिगृहात जागा दिल्याचं पत्र आलं ते आषाढात. वैशाखात लग्न होऊन रेवता केव्हाच गेली होती.

जाण्याआधी ती बापासोबत भेटायला आली होती. हातात हिरवा चुडा, अंगावर नवं लुगडं, ते सारखं पायात येत होतं. मी तिला काय देणार? पुस्तकाचं दहावं पान मी आदल्या दिवशीच उसवून काढलं होतं आणि ब्लेडने ते पंख खरवडले होते. गेरू काही पुरता निघाला नाही. कागद पातळ झाला आणि दोन्ही बाजूंना तांबूस डाग राहिले. ते पान मी तिला दिलं. तिने डागांवरून बोट फिरवलं, पान उलटून मागचा नकाशा पाहिला, घडी घातली आणि पदरात बांधली. "येतो, बाई," एवढंच म्हणाली.

सोमाभाऊचे तीन प्रश्न मात्र माझ्या मानगुटीवर बसले. राहील कुठे, खाईल काय, सोबत कोण. मी खटपट करून जिथे मिडल स्कूल होतं अशा गावी बदली मागून घेतली. एका खोलीत माझं भागलं असतं, मी दोन घेतल्या. दुसरीत एक चटई, एक ताट, एक कंदील आणून ठेवला आणि ओळखीपाळखीच्या सगळ्या खेड्यांत सांगून पाठवलं की चौथी पास झालेली कुणाचीही मुलगी माझ्याकडे राहील. एक वर्ष कुणी आलं नाही. शेजारीण विचारायची, "पाहुणे कधी येऊन राह्यले, बाई?" मी ताट घासून परत जागेवर ठेवायची.

दुसऱ्या वर्षी शाळा उघडली त्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. सोबत अकरा वर्षांची मुलगी, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. "सून आयकतच नाई," ते म्हणाले. "दोन महिन्यापासून हट्ट लावून बसली. म्हने, बाईकडं नेऊन घाला." आणि त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडी काढून माझ्या हातात दिली.

कौसल्या नावाची ती मुलगी माझ्याकडे चार वर्षं राहिली आणि पुढे नर्स झाली. तिच्यानंतर दुसऱ्या आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत ते ताट मग रिकामं राहिलं नाही. रेवता मला त्यानंतर एकदाच दिसली, आरमोरीच्या बाजारात, कडेवर मूल, डोक्यावर टोपली. कौसल्या बरी आहे ना, एवढं तिने दोनदा विचारलं. मी तिला चांद्याच्या त्या पत्राबद्दल सांगणार होते, पण सांगितलं नाही.

म्हाताऱ्यांनी दिलेली घडी म्हणजे तेच दहावं पान होतं. मी ते कोशाच्या धाग्याने पुस्तकात परत शिवलं आहे. पुढे पिवळी मादी आणि ते तांबूस डाग. मागे जुन्या नकाशाचा तुकडा, आणि वैनगंगेच्या निळ्या रेघेखाली, मी शिकवलेल्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं:

'बाई, ही माझी ननंद कौसल्या. चौथी पास आहे. राहील तुमच्याकडे. तांदूळ आम्ही पाठवू. सोबत तुमची. मी हिला कानाशी लावून पाहिलं आहे. जिवंत आहे. पंखांचं तुम्ही पाहा.'